मानाच्या जागी मशीन

"आपा, कपडे धुवायचं मशीन उद्या तुमच्या खोलीत आणायचंय," बुरुलचा म्हणाली आणि वाडग्यात चहा ओतत राहिली.

अनिपा म्हातारीनं तळलेल्या कणकेचा बोरसोक सायीत बुडवला होता, तो तसाच हातात राहिला. सून काय म्हणाली ते तिला स्वच्छ ऐकू आलं होतं. पाय गेले होते तिचे, कान शाबूत होते.

"माझ्या खोलीत कुठं?"

"दाराच्या समोरच्या भिंतीला."

"तिथं मी बसते."

"भिंतीपलीकडं स्वयंपाकघराचा नळ आहे. भोक पाडलं की पाइप आत. चुलीची ऊब त्याच भिंतीला. पडवीत राहिलं तर याही थंडीत पाइप फुटणार. मागच्या खेपेला फुटला तेव्हा गुडघाभर बर्फ कुणी खरवडला? मीच ना?"

"आणि मी कुठं बसू?"

"दाराकडं सरका," सून म्हणाली. "दाराजवळ चिक्कार जागा आहे."

दाराजवळ माणसं बूट काढतात. दाराजवळ नवी नवरी मान खाली घालून उभी राहते. न बोलावता आलेला, उधारी मागायला आलेला, दारू पिऊन आलेला, हे सगळे दाराजवळ टेकतात. आणि दाराच्या समोरची भिंत, जिच्यापुढं लोकरीच्या रंगीत नमद्याचा गालिचा पसरलेला, जिला लागून पेटीवर रजयांची चळत छतापर्यंत रचलेली, ती मानाची जागा. नवरा होता तोवर तिथं नवरा बसायचा. तो गेल्यावर अनिपा तिथं सरकली आणि पाठ त्या चळतीला टेकवून बसली ती बसलीच. आल्यागेल्याची नजर आधी तिच्यावर पडायची. त्या जागेवरून तिनं लेकी उजवल्या, मेंढ्या विकल्या, भांडणं तोडली, एका पोरीचं ठरलेलं लग्न नुसतं नाक मुरडून मोडलं.

"मानाच्या जागी घाणीचे कपडे धुणार? गाव तोंडात शेण घालील."

"गाव माझे कपडे धुवायला येत नाही, आपा."

"पाहुणे आले तर?"

"पाहुणे आता कॅफेत जेवतात. तुमच्याकडं मागचा पाहुणा कधी आला होता सांगा."

अनिपाला आठवेना. तिनं बोरसोक वाडग्यात टाकून दिला. "मॉस्कोत परक्या बाप्यांच्या चादरी उपसून आलीस. आता आमच्या घराचं धुणंघर करतेस."

"हो," बुरुलचा म्हणाली. "त्याच चादरींवर हे छप्पर चढलंय. चहा गार होतोय तुमचा."

आता या दोघींचं मूळ सांगायला हवं. बुरुलचा या घरात आली तेव्हा तिच्या माहेरानं रजया, भांडी, पडदे आणि धुण्याचं एक नवं कोरं मशीन पाठवलं होतं. अनिपानं ते वर भरतकामाचं कापड घालून खोलीत मांडलं. आत्-बाशी गावच्या बाया येऊन हात लावून गेल्या. वर्ष उलटायच्या आत अनिपाच्या धाकट्या लेकीचं लग्न ठरलं आणि ते मशीन लेकीच्या सामानात ट्रकवर चढलं. सुनेला कुणी विचारलं नाही. ती दारात उभी राहून बघत होती तेव्हा सासू म्हणाली, "बघतेस काय? तुला हात आहेत की."

मग बुरुलचा हातानंच धूत राहिली. उन्हाळ्यात ओढ्यावर, हिवाळ्यात ओढ्यावरचा बर्फ कुऱ्हाडीनं फोडून. ओल्या चादरी दोरीवर टाकेपर्यंत फळकुटासारख्या ताठ व्हायच्या. तिची बोटं टोकाशी फाटायची. एकदा कणीक मळताना त्यातून रक्त आलं, तर सासूनं अख्खी कणीक कुत्र्यापुढं टाकली आणि पुन्हा मळायला लावली. रक्त पडलेलं अन्न हराम, आणि हराम खाऊ घालणारी सून त्याहून हराम, असं ती चार बायांसमोर म्हणाली. बाया हसल्या होत्या. बुरुलचाही हसली होती, कारण तेव्हा हसावंच लागायचं.

नंतर ती मॉस्कोला गेली. एका हॉटेलच्या तळघरात वर्षानुवर्षं चादरी धुतल्या. तिच्या पैशानं घराला पत्रे आले, गरम पाण्याचा बंब आला, मुलगा आझीम बिश्केकला शिकायला गेला. मागच्या वर्षीच्या शरदात ती परत आली ती नवं मशीन घेऊनच. आल्यापासून या घरात कुणी तिला कसली आज्ञा केली नव्हती. अनिपा पडली ती त्याच महिन्यात, अंगणातल्या बर्फावर. खुबा मोडला, पाय आखडला, आणि त्यापाठोपाठ दुसरी गोष्ट सुरू झाली, जिच्याबद्दल ती जिवंतपणी कुणाला बोलणार नव्हती. तिला झोपेत लघवी व्हायला लागली.

सून पडवीत गेल्यावर अनिपानं मुलाला हाक मारली. जिर्गल घोड्याचा लगाम शिवत बसला होता.

"ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"तुझ्या बापाच्या जागी मशीन ठेवणार ती."

"बाप मेला, आपा. त्याला काय फरक पडतोय?"

"आणि मला?"

जिर्गलनं दोरा दातानं तोडला. "तू अन् ती बघून घ्या. मी मध्ये पडलो तर रात्रीचं जेवण कोण देईल? तू?"

"मी तुला दूध पाजलंय."

"ते कधीचंच पचलं," तो म्हणाला, आणि स्वतःच्याच विनोदावर हसत घोड्याला पाणी दाखवायला निघून गेला.

तेव्हा अनिपानं मनाशी ठरवलं. पाय गेले, पैसा गेला, मुलगा असून नसल्यासारखा. पण तिच्याकडं एक गोष्ट उरली होती आणि ती कुणाला काढून घेता येत नव्हती. वडीलधारं माणूस आशीर्वाद देताना तळवे आभाळाकडं करतं. तेच तळवे त्यानं जमिनीकडं वळवले की ज्याच्यासाठी वळवले त्याची चूल विझते. असे उलटे हात या खोऱ्यात फार कमी जणांनी केले होते. वरच्या वाडीतल्या एका बापानं मुलाच्या नावानं केले होते, तर त्या मुलाचा कळप एकाच हिवाळ्यात घाटात गोठला आणि तो स्वतः पुढच्या वर्षी घोड्यावरून पडून गेला. त्याच्या पडक्या घराजवळून आजही लोक घोडा दामटतात.

पण हात उलटायचे तर साक्षीला चार माणसं हवीत, आणि चार माणसांत एक तरी पांढऱ्या दाढीचं हवं. शिवाय अनिपाला खरं तर ते करायचंच नव्हतं. हात नुसते दाखवायचे होते. कारण चूल सुनेची विझली तर ती जिर्गलचीही होती आणि आझीमचीही. नातू तिचा जीव होता. सून घाबरेल, मशीन पडवीत परत जाईल आणि आपण होतो तिथं बसू, एवढाच तिचा हिशेब.

गळ्यात दोरीनं बांधलेला फोन तिनं उघडला आणि दिराला लावला. दिराचं नाव तेमिरबेक. तेमिर म्हणजे लोखंड, आणि सासरच्या पुरुषांची नावं तोंडात घ्यायची नाहीत, म्हणून अनिपा सारा जन्म लोखंडाला 'काळं' म्हणत आली होती.

"भावोजी, शुक्रवारी या. बोलायचंय."

"जीव बरा आहे ना, वहिनी?"

"या तर खरं."

"मांस असेल?"

"मेंढी कापू," अनिपा म्हणाली. मेंढी कोण कापणार, कोण शिजवणार, हे तिच्या ध्यानात आलं नाही. आजवर तिनं कापू म्हटलं की कापली जायची.

एवढ्यावर ती निर्धास्त झाली. मानाच्या जागी पांढरी दाढी बसणार म्हटल्यावर तिथून चिंधी हलवायची कुणाची छाती आहे, असं तिला वाटत होतं. संध्याकाळी तिनं सुनेला सांगितलं, "शुक्रवारी भावोजी येतायत."

"येऊ देत," बुरुलचा म्हणाली. "छान मेंढी कापते."

अनिपानं तिच्याकडं निरखून पाहिलं. सुनेच्या तोंडावर काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच प्लंबर आला. शेजारच्या गावचा, तोंडाळ, टोपी मागं सारलेला माणूस. त्यानं भिंत ठोकून पाहिली. "इथंच. पण ही चळत हलवा आधी."

"तिला हात लावायचा नाही," अनिपा गादीवरून ओरडली. "ती माझ्या लग्नाची चळत आहे!"

"सूनबाई, या काय म्हणतायत?"

"त्या रोज म्हणतात. तुम्ही भोक कुठं पाडणार ते दाखवा," बुरुलचा म्हणाली, आणि एकेक रजई उतरवायला लागली.

अनिपा गादीवर सरकत सरकत पुढं आली. तिनं एका रजईचं टोक धरलं. "राहू दे, पोरी. माझं ऐक. मी सांगते तसं कर, मागची बाजू उतरवू नकोस. पुढच्या तेवढ्या घे." आवाज एकदम मऊ झाला होता. या घरात तिनं सुनेशी तसा आवाज कधी काढला नव्हता.

बुरुलचा थांबली. सासूच्या तोंडाकडं बघितलं. मग चळतीच्या मागं हात घातला आणि ओढलं.

भिंत आणि रजया यांच्या फटीतून चादरींचे बोळे बाहेर पडले. वाळून कडक झालेले, पिवळे डाग पडलेले. अनिपा पहाटे उठून ओली चादर काढायची, गुंडाळायची आणि तिथं कोंबायची. रजयांमागं दाबलेले होते तोवर वास येत नव्हता. आता उघड्यावर आला. प्लंबरनं नाकावर टोपी धरली आणि जिर्गल, जो हातोडा द्यायला आला होता, तो हातोडा ठेवून खिडकीकडं तोंड करून उभा राहिला.

"अरेच्चा!" बुरुलचा म्हणाली. तिनं एक बोळा चिमटीत उचलला आणि सासूच्या पुढ्यात ठेवला. मग दुसरा. "सापडल्या म्हणायच्या. तुम्ही गावभर सांगत होता ना, सुनेनं चादरी बाजारात नेऊन विकल्या? शेजारच्या झाझगुलनं तर मला तोंडावर विचारलं."

अनिपा पुढ्यातले बोळे गादीखाली सारत होती, तोवर बुरुलचानं तिसरा उचलला.

"ही तर आझीमच्या सुंतेला आणलेली. हीसुद्धा विकली मी?"

"जिर्गल," म्हातारी म्हणाली.

जिर्गल खिडकीतून घोडा बघत होता.

"म्हणून म्हणते, मशीन इथंच हवं," बुरुलचा प्लंबरकडं वळून म्हणाली, जशी काही एखादी साधी गैरसोय समजावून सांगते आहे. "धुणं जिथं होतं तिथंच धुतलेलं बरं. नाही का, दादा?"

प्लंबर हसला. हसायचं नव्हतं हे त्यालाही कळलं असावं, पण आलं हसू. मग त्यानं छिन्नी लावली आणि भिंतीची माती नमद्यावर पडायला लागली.

दुपारपर्यंत मशीन मानाच्या जागी उभं राहिलं. रजया सुनेच्या खोलीत गेल्या. अनिपाची गादी दाराजवळ पडली, बुटांच्या फळीला लागून. दार उघडलं की गार वाऱ्याचा झोत नेमका तिच्या मोडक्या खुब्यावर. तिनं रात्री चादर ओली केली. सकाळी सुनेनं न बोलता ती काढून घेतली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शुक्रवारी तेमिरबेक आला. पांढरी नमद्याची टोपी, पांढरी दाढी, काठी. दारातच भावजय बसलेली पाहून तो दचकला.

"वहिनी, इथं? दारात?"

"तुमच्या पुतण्याच्या घरात माझी जागा इथं आहे आता," अनिपा मुद्दाम मोठ्यानं म्हणाली. दोन शेजारणी पाठोपाठ आल्या होत्या, झाझगुल आणि तिची जाऊ. मांसाचा वास त्यांना आधीच लागला होता. अनिपाला बरं वाटलं. साक्षीला माणसं पुरली.

"या, मामंजी, वर बसा," बुरुलचानं सासऱ्याच्या भावाला वाकून नमस्कार केला आणि नवी गादी मशीनला लागून अंथरली. आत धुणं चालू होतं. तेमिरबेक जरा घुटमळला, मग बसला, आणि टेकायला चळत शोधता शोधता त्याची पाठ मशीनला टेकली. त्यानं डोळे मोठे केले.

"अरे, हे तर गरम आहे."

"कंबरेला बरं वाटेल, मामंजी."

"वाटतंय की! थरथरतंयसुद्धा. माझी म्हातारी होती तेव्हा अशी पाठ रगडून द्यायची." सगळे हसले. तो पाठ घासत आणखी मागं सरकला.

अनिपा दारातून म्हणाली, "तिथं तुमचे भाऊ बसायचे."

"बसायचे," तेमिरबेक मान हलवत म्हणाला. "त्यांना काय ही ऊब मिळाली नाही बिचाऱ्यांना."

मेंढीचं डोकं त्याच्यापुढं आलं. लहानांना द्यायचा असतो तो कान कापून त्यानं झाझगुलबरोबर आलेल्या तिच्या पोराकडं पाठवला, डोळा स्वतः खाल्ला. बुरुलचानं नूडल्सवर चरबीदार तुकडे वाढले, आणि संपले की पुन्हा वाढले. अनिपाच्या ताटात तिनं मऊ, हाडं काढलेलं मांस ठेवलं, लहान मुलाला देतात तसं.

अनिपानं ताट बाजूला सारलं. "भावोजी, मी तुम्हाला जेवायला नाही बोलावलं. न्याय करायला बोलावलं. माझी जागा मला द्यायला सांगा हिला. तुम्ही सांगितलंत तर ऐकेल. नाहीतर," आणि तिनं हात गुडघ्यावर ठेवले, "माझ्याकडं हात आहेत."

खोलीत चावण्याचा आवाज थांबला. जिर्गलच्या हातातला तुकडा ताटात पडला. "आपा, वेड लागलं का तुला? आझीमही याच घरचा आहे."

"म्हणून तर आधी सांगतेय."

तेमिरबेकनं बोटं चाटली, सावकाश पुसली. मग दाढी कुरवाळली. "वहिनी, माझी नात मॉस्कोत कामाला आहे, ठाऊक आहे ना?"

"असेल."

"तिला तिथं कुणी चिकटवलं? या पोरीनं. राहायला जागा कुणी दिली? हिनं. आता मी हिला काय सांगू? मशीन उचल म्हणू?" त्यानं मशीनवर थाप मारली. "जागा म्हणजे काय, वहिनी. आपण आता जाणारी माणसं. दाराजवळ असलं म्हणजे सोपं पडतं."

झाझगुलनं ओढणी तोंडाला लावली. तिचे खांदे हलत होते.

"तुमच्या भावाला हे आवडलं असतं?"

"माझ्या भावाला तुम्ही आयुष्यात कधी काही विचारलं नाहीत. आता कशाला त्याचं नाव पुढं करता?" तेमिरबेक म्हणाला, आणि हात पुढं केले. जेवण आटोपलं होतं, घरात नवी वस्तू आली होती, वडीलधाऱ्यानं आशीर्वाद द्यायचा हे ओघानंच आलं. त्यानं तळवे आभाळाकडं केले. जिर्गलनं केले. शेजारणींनी केले. बुरुलचानं आपले फाटून फाटून जाड झालेले तळवे वर केले.

"या घरात पाणी खेळतं राहो. धुतलेलं पांढरं निघो. ज्या हातांनी हे आणलं ते हात सुखी राहोत..."

तेव्हा अनिपानं हात वर उचलले. तिनं ठरवलं नव्हतं. धमकीच द्यायची होती तिला, आणि धमकी देऊन झाली होती. पण 'ज्या हातांनी हे आणलं' हे शब्द कानावर पडले आणि तिचे हात आपोआप वर आले, आणि त्या सगळ्या वर केलेल्या तळव्यांसमोर तिनं आपले तळवे जमिनीकडं वळवले. बोटं ताठ केली. ओठ हलायला लागले. आझीमचा चेहरा तिच्या डोळ्यापुढं आला, तरी ते थांबले नाहीत.

झाझगुल किंचाळली. जिर्गल उठायला गेला आणि ताटावर आपटला.

तेमिरबेकनं पाहिलं. मग तो घसा खाकरून शेजारणींकडं वळला. "संधिवात आहे वहिनींना," तो म्हणाला. "मनगटं वळत नाहीत. माझीही डावी तशीच आहे. तळवे वर करायचे म्हटलं तरी होत नाहीत. देवाला मन कळतं. ओमीन."

"ओमीन!" जिर्गल ओरडला, सगळ्यांच्या आधी, आणि दुआ संपवताना करतात तसे दोन्ही हात तोंडावरून फिरवले.

"संधिवात नाही!" अनिपा म्हणाली. "मी उलटे केलेत! बघा, मी उलटे केलेत!"

"हो, वहिनी, हो," तेमिरबेक समजुतीच्या सुरात म्हणाला. "बघितलं आम्ही. दुखतात ना फार?"

शेजारणींनीही तोंडावरून हात फिरवले. "माझ्या सासूचंही असंच व्हायचं," झाझगुल म्हणाली. "लोणी चोळत जा, आपा."

अनिपाचे हात तसेच हवेत होते. ते खाली घेतले तर संपलं, हे तिला समजत होतं. ती एकेकाच्या तोंडाकडं बघत होती, पण तिच्याकडं बघणारं एकच माणूस होतं.

मशीन थांबलं होतं. बुरुलचा उठली. तिनं झाकण उघडून आतून एक ओली चादर बाहेर ओढली. ती घेऊन ती दारापर्यंत आली आणि सासूच्या उलट्या हातांवर तिचं एक टोक टाकलं.

"हात पुढं आहेतच," ती म्हणाली. "तेवढं टोक धरा, आपा. एकटीला ताणता येत नाही."

चादर थंड आणि जड होती. सोडली असती तर ती थेट समोर जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर, भाकरीवर पडली असती, आणि भाकरीवर ओलं धुणं टाकायची कल्पना या म्हातारीला मेल्यावरही सहन झाली नसती. तिची बोटं मिटली. टोक मुठीत आलं. बुरुलचा दुसरं टोक धरून मागं मागं गेली, मशीनपर्यंत, मानाच्या जागेपर्यंत, आणि तिथून तिनं ओढलं.

अनिपाला ताण जाणवला आणि जन्मभराच्या सवयीनं तिनंही ओढलं. चादर दोघींच्या मध्ये सरळ झाली. एक सुरकुती राहिली होती ती दोघींनी एकदमच झटकली.

"अस्सं," बुरुलचा म्हणाली. "आता दुमडायला इकडं द्या. अजून आहेत आत."